हंगाम, हंगामी आणि हगामा

प्रश्न असा आहे : “१९०८ सालच्या अमेरिकन बेसबॉलवर लिहिताना मी ‘हंगामी विजेता शिकागो कब्स संघ’ असं लिहिलं. एकाने ते खोडून ‘ऋतुविजेता’ केलं. दुसरा म्हणाला, हंगाम फारसी आहे, ‘सत्रविजेता’ लिहा. बरोबर काय? आणि २३ सप्टेंबरचा तो गाजलेला सामना ‘अनिर्णित’ म्हणावा की ‘बरोबरीत सुटला’ म्हणावं?”

तिन्ही पर्याय चूक आहेत. ‘हंगामी विजेता’ तर सर्वांत जास्त चूक आहे, आणि हल्ली खेळाच्या बातम्यांत तो सर्रास वाचायला मिळतो म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो. विधानसभा नव्याने निवडून आली की आमदारांना शपथ देण्यापुरता जो नेमतात तो हंगामी अध्यक्ष. कायमचा अध्यक्ष निवडला की तो उतरतो. साखर कारखान्यात गळीत हंगामापुरता घेतलेला तो हंगामी कामगार, पट्टा पडला की त्याचं काम संपलं. मराठीत ‘हंगामी’चा अर्थ हंगामापुरता, म्हणून तात्पुरता, असा पक्का बसलेला आहे. तेव्हा ‘हंगामी विजेता’ म्हणजे ज्याचं विजेतेपद पुढे काढून घेतलं जाणार आहे असा संघ. कब्सचं कोणी काढून घेतलं नाही. ९९ विजय आणि ५५ पराभव ही त्यांची अखेरची नोंद आजही तशीच आहे. ‘हंगामाचा विजेता’ लिहा, नाहीतर ‘१९०८ चा विजेता’ लिहा. मराठीला षष्ठीचा प्रत्यय आहे, तो वापरायला हरकत कसली?

‘ऋतू’वर वेळ घालवत नाही. ऋतू निसर्गाचा असतो, सामन्यांच्या वेळापत्रकाचा नसतो. ‘सत्र’ हा सद् म्हणजे बसणे या धातूवरून आलेला शब्द. यज्ञाला बसतात, अधिवेशनाला बसतात, परीक्षेला बसतात, तिथे सत्र शोभतं. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत आगगाडीने गावोगाव फिरून १५४ सामने खेळणाऱ्या माणसांच्या वर्षाला सत्र म्हणणं हा भाषेवर अन्याय आहे. आणि ‘हंगाम’ परका म्हणून हाकलणारे त्याच वाक्यात ‘मोसम’ ठेवतात, तो तर अरबी आहे.

आता खरा मुद्दा. हंगाम फारसीतून आला हे मान्य, पण तो फारसीत कुठून आला हे कोणी विचारत नाही. संस्कृतात जिथे स असतो तिथे इराणी भाषांत ह येतो. सप्तच्या जागी तिकडे हफ्त, त्यातून आपला हप्ता आला. सिंधूचा हिंदू झाला. ‘सम’च्या जागी ‘हम’, म्हणून हमदर्द म्हणजे समदुःखी. याच नियमाने ‘सं’चा ‘हं’ करा. पुढे ‘गाम’ उरतो. फारसीत गाम म्हणजे पाऊल, आणि तो आपल्या गम् या धातूचाच नातलग आहे. हंगाम म्हणजे संगम! एकत्र येणं, म्हणून एकत्र येण्याची वेळ, म्हणून ठरलेली वेळ, म्हणून मोसम. आर्मेनियन भाषेने हाच शब्द जुन्या इराणीतून उचलला, तिथे अंगम म्हणजे ‘खेप’ किंवा ‘वेळा’. ज्यांना हंगाम परका वाटतो त्यांनी गावच्या संगमावर जाऊन यावं. शब्द त्याच घराण्यातला आहे, फक्त इराणी शाखेतला.

हंगामा हा याच घरातला. फारसीत हंगामा म्हणजे आधी जमाव, मेळा, मग त्या मेळ्यातली गडबड. हंगाम्याचा अर्थ ‘दंगा, गोंधळ’ एवढाच समजणाऱ्यांना पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रा ठाऊक नसाव्यात. नगर, पुणे, सोलापूरकडे जत्रेत देवाच्या पालखीनंतर दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. अनुस्वार गळालेला आहे, अर्थ मात्र जुना फारसीच आहे : आखाड्याभोवती जमलेला मेळा आणि त्यात लागलेल्या कुस्त्या. तिथे हगामा म्हणजे गोंधळ असं कोणी म्हणत नाही. हगामा ‘भरतो’, जसा बाजार भरतो. म्हणजे ‘एकत्र जमणं’ हा मूळ अर्थ मराठीच्या तोंडी आजही जिवंत आहे.

काही जण हंगामा थेट ‘संग्राम’पासून काढतात. ते पटण्यासारखं नाही. संग्राममधला र गेला कुठे? फारसी र सहजासहजी गिळत नाही. गंमत अशी की संग्रामचा अर्थही आधी जमाव आणि मग लढाई असाच सरकला आहे. दोन्ही शब्द एकाच वाटेने चालले, पण सख्खे नाहीत. वाट सारखी दिसली म्हणून नातं जोडायचं नसतं, ध्वनी जुळावे लागतात.

अमेरिकन बेसबॉलमध्ये नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन मोठ्या लीग आहेत. १९०८ चा नॅशनल लीगचा हंगाम या सगळ्या अर्थांत बसतो. कब्स, न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स हे तीन संघ शेवटच्या आठवड्यापर्यंत एकमेकांना खेटून होते. अखेरीस कब्स ९९–५५, बाकी दोघे ९८–५६. एका विजयाचा फरक. चेंडू निर्जीव, मार आखूड, होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून काढलेली धाव) दुर्मीळ असा तो काळ. अमेरिकन लीगमधल्या शिकागो व्हाइट सॉक्सने त्या अख्ख्या वर्षात तीन होमरन मारले. एकेक धाव ओढूनताणून काढावी लागे, म्हणून एका धावेवर हंगाम फिरला.

२३ सप्टेंबर, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. कब्सविरुद्ध जायंट्स. नववा म्हणजे शेवटचा डाव, १–१, जायंट्सचे दोन बाद. धावकाने पहिला, दुसरा, तिसरा बेस ओलांडून फटका मारायच्या जागी, म्हणजे ‘घरी’, परत यायचं, की एक धाव. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर फ्रेड मर्कल. मर्कल १९ वर्षांचा, त्या जागी नेहमी खेळणाऱ्या टेनीची कंबर धरल्यामुळे संघात आलेला. जायंट्सच्या ब्रिडवेलने मधल्या मैदानात फटका मारला, मॅककॉर्मिक घरी पोहोचला, प्रेक्षक कुंपण ओलांडून आत घुसले. मर्कल दुसऱ्या बेसला हात न लावता अर्ध्या वाटेवरून खेळाडूंच्या खोलीकडे वळला. त्या काळी अशा वेळी बरेच खेळाडू असंच करत. पण नियम सरळ आहे. फटका मारणारा पहिल्या बेसकडे निघाला की तिथल्या धावकाला जागा सोडून दुसरा बेस गाठावाच लागतो. तो पोहोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर पाय ठेवला तर धावक बाद. याला फोर्स आउट म्हणतात. आणि डावातला तिसरा गडी असा बाद झाला, तर त्या चेंडूवर आधी घरी आलेली धावसुद्धा धरत नाहीत.

कब्सचा जॉनी एव्हर्स नेमका हे जाणून होता. १९ दिवस आधी, ४ सप्टेंबरला, कब्सविरुद्धच्या सामन्यात पिट्सबर्गच्या वॉरन गिलने हेच केलं होतं. एव्हर्सने तेव्हाही पंचांकडे दाद मागितली होती आणि पंच होते हँक ओडे, जे २३ सप्टेंबरलाही पंच होते. तेव्हा त्यांनी मागणी फेटाळली. पोलो ग्राउंड्सवर एव्हर्स चेंडू मागत ओरडत राहिला. जायंट्सच्या मॅकगिनिटीने चेंडू हिसकावून गर्दीत भिरकावला असं सांगतात, त्यामुळे एव्हर्सच्या हाती शेवटी आलेला चेंडू तोच होता का, यावर अजून वाद आहे. ओडेंनी मर्कलला बाद दिलं, धाव रद्द केली. मैदान माणसांनी भरलेलं, अंधार पडत चाललेला, म्हणून सामना १–१ वर थांबवला. जिंकलो असं समजून घरी गेलेल्या न्यूयॉर्ककरांचा तो विजय मात्र खरोखर हंगामी होता, तिथे तो शब्द वापरा.

हंगाम संपला तेव्हा कब्स आणि जायंट्स ९८–५५ असे समान निघाले, म्हणून तो सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला. हा खरा हगामा, जत्रेतल्या अर्थाने! फाटकं बंद करावी लागली, माणसं शेजारच्या उंच रेल्वेमार्गावर आणि कूगन्स ब्लफच्या कड्यावर चढून बसली. कब्सच्या फीस्टरची पहिल्याच डावात गोलंदाजी ढेपाळली तशी कर्णधार फ्रँक चान्सने मॉर्डेकाय ब्राउनला आणलं. यंत्रात बोटं जाऊन उजव्या हाताचा पंजा मोडका झालेला हा गडी, त्याच्या चेंडूला त्यामुळेच विलक्षण खाली बसण्याची सवय होती. समोर जायंट्सचा गोलंदाज, त्या वर्षी ३७ सामने जिंकणारा ख्रिस्टी मॅथ्यूसन. कब्स ४–२ ने जिंकले. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, त्यांनी डेट्रॉइटला ४–१ असं हरवलं, आणि त्यानंतरचं जगज्जेतेपद मिळायला २०१६ उजाडलं.

इथे ‘पेनंट’ हा शब्द येईल, तेव्हा सावध राहा. पेनंट म्हणजे निमुळता झेंडा, लीगमध्ये पहिला येणाऱ्याचा. कब्सने ८ ऑक्टोबरला पेनंट जिंकला आणि १४ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीज. दोन्हींना एकच ‘चषक’ म्हणून गुंडाळू नका. आणि मर्कल ‘धावपटू’ नव्हे. धावपटू शर्यतीत धावतो, बेसवरचा तो ‘धावक’.

सामन्याबद्दल विचारलंत ते राहिलं. क्रिकेटच्या मराठीत हा भेद नीट पाळलेला आहे : धावा समान होऊन संपला तर ‘बरोबरीत सुटला’, वेळ संपून निकाल लागायचा राहिला तर ‘अनिर्णित’. २३ सप्टेंबरला धावा समान होत्या आणि खेळ अंधारामुळे थांबला, म्हणून एकटा कुठलाही शब्द अपुरा पडतो. ‘१–१ अशा बरोबरीत थांबवावा लागला’ असं लिहा. ‘सुटला’ लिहू नका, कारण तो सुटला नव्हता. विजय-पराभवाच्या हिशेबात तो धरला नाही, म्हणूनच ८ ऑक्टोबरचा सामना घ्यावा लागला.