‘ग्रान्दे’च्या पुढचा शब्द: एनोर्मे

माद्रिदला यायला तीन महिने आहेत, स्पॅनिशमध्ये ‘ग्रान्दे’ म्हणजे मोठा हे ठाऊक आहे, पण खरोखर अवाढव्य गोष्टीला काय म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. इन्मेन्सो, खिगान्तेस्को, देस्कोमुनाल असे बरेच शब्द भेटतील. ते वाचताना कळले तरी पुरे. तोंडात बसवायचा तो एकच: एनोर्मे. दुकानात, ऑफिसात, घर बघताना, कुठेही चालतो आणि पुस्तकी वाटत नाही.

उच्चार ए-नोर्-मे, जोर ‘नोर’वर. इंग्रजीच्या सवयीने शेवटचा ‘मे’ गिळला जातो, तो स्वच्छ ऐकू आला पाहिजे. ‘ग्रान्दे’तला द आपलाच, दातांवर जीभ टेकवून म्हणायचा, ‘ग्रँड’चा ड आणू नका.

मूळ लॅटिन ‘नोर्मा’, म्हणजे सुताराचा गुण्या. जे गुण्यात बसत नाही, मापाबाहेर जातं ते एनोर्मे. या शब्दाच्या अर्थामध्येच टोक आलेलं असल्याने त्याला ‘मुय’ (खूप) लावत नाहीत. आपल्याला ‘खूप प्रचंड’ खटकतं तसंच ते. जोर हवाच असेल तर ‘रेआलमेन्ते एनोर्मे’ म्हणा.

मराठी माणूस हमखास चुकतो ती जागा आता. मोठा-मोठी तसं इन्मेन्सो-इन्मेन्सा, हे लगेच जमतं. एनोर्मे मात्र ‘प्रचंड’सारखा, लिंगाप्रमाणे बदलत नाही. म्हणून आपण गाफील राहतो आणि अनेकवचनातही तसाच ठेवतो, कारण ‘प्रचंड’ तिथेही बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलावंच लागतं: उना मालेता एनोर्मे, एक अवाढव्य बॅग; दोस मालेतास एनोर्मेस, अशा दोन. विशेषण नामानंतर ठेवायची सवय आत्तापासून करा. ‘उन एनोर्मे प्रोब्लेमा’ असं आधीही येतं, पण त्यात भावनेचा भर असतो.

‘ग्रान्दे’ची जागा बदलली की मात्र रूप आणि अर्थ दोन्ही हलतात. ‘उन पिसो ग्रान्दे’ म्हणजे मोठा फ्लॅट, ‘उन ग्रान पिसो’ म्हणजे झकास फ्लॅट. माद्रिदच्या ‘ग्रान बिया’ रस्त्याच्या नावात हेच आखूड रूप आहे. एनोर्मेला आखूड रूप नाही. आणि ‘लार्गो’ म्हणजे लार्ज नव्हे, लांब! ही चूक फार होते.

घराच्या जाहिरातीत एनोर्मेपेक्षा ‘आम्प्लिओ’, प्रशस्त, हा शब्द जास्त दिसेल. त्यावर भिस्त ठेवू नका, आकडा विचारा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, 10.76 ने गुणलं की चौरस फूट, म्हणजे 60 मीटरचे सुमारे 646. पण हे ‘कोन्स्त्रुइदोस’ असतील तर त्यात भिंतीही धरलेल्या असतात. आपल्या कार्पेट एरियाच्या जवळचा शब्द ‘ऊतिलेस’. विचारा: ‘क्वान्तोस मेत्रोस ऊतिलेस तिएने?’

कपडे घालून बघताना ‘मे केदा ग्रान्दे’ म्हणजे मला मोठा होतोय. अगदीच झोळणा झाला तर ‘मे केदा एनोर्मे’. एक साइज लहान हवा असेल तर ‘उना ताया मेनोस’. चपला-बुटांच्या मापाला मात्र ताया नाही, ‘नूमेरो’ म्हणतात.

माणसाबद्दल जपून. कुणाला ‘एस एनोर्मे’ म्हटलं तर अंगापिंडाने आडदांड असा अर्थ होतो. नुसती उंची सांगायची तर ‘आल्तो’, बाईला ‘आल्ता’. पण ‘एस’ (आहे) ऐवजी ‘एस्तार’ क्रियापदाचं रूप, जसं ‘एस्तादो’, आलं की चित्र पालटतं. प्रेझेंटेशन संपल्यावर सहकारी ‘आस एस्तादो एनोर्मे’ म्हणाला, तर तुमच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. कमाल केलीत, असं तो म्हणतोय. ‘ग्रासिआस’ म्हणा.