विम या टेक्स्ट एडिटरच्या मदतपानावर ‘स्क्रोलऑफ’ (कर्सरच्या वर-खाली किमान किती ओळी दिसत राहाव्यात, ते ठरवणारी सेटिंग) ० आहे, मग माझ्याकडे ५ कसं?
दोन्ही आकडे बरोबर आहेत. ० ही विममधली मूळ किंमत. पण २०१६ च्या ८.० आवृत्तीपासून, तुमची स्वतःची विमआरसी (विमच्या सेटिंग्जची) फाइल नसेल तर विम ‘डिफॉल्ट्स डॉट विम’ ही फाइल आपणहून वाचतो, आणि ती स्क्रोलऑफ ५ करते. मदतपानावर त्याच ओळीत, कंसात, हे लिहिलेलं असतं. नजरेतून सहज सुटतं.

खरा घोळ पुढे होतो. विमआरसी बनवली, अगदी रिकामी जरी, की डिफॉल्ट्स डॉट विम वाचलीच जात नाही आणि स्क्रोलऑफ पुन्हा ० होतो. म्हणून विमआरसीच्या सुरुवातीलाच ती ‘सोर्स’ करा, म्हणजे विमला वाचायला लावा. किंमत कुठून आली हे ‘:व्हर्बोज सेट स्क्रोलऑफ?’ फाइलच्या नावासकट सांगतं (आज्ञा अर्थातच रोमनमध्ये टाइप करा).