प्रात्यक्षिकाच्या वेळी हात थरथरतो, मग मी पशुवैद्यक होण्यास योग्य आहे का?

पशुवैद्यकीय पदवीचे विद्यार्थी माझ्याकडे हा प्रश्न वारंवार घेऊन येतात. त्यांच्यापैकी एका विद्यार्थिनीचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

‘नीट’च्या गुणांवर प्रवेश मिळालेली ही मुलगी शहरात वाढलेली होती आणि महाविद्यालयात येईपर्यंत तिने गाईला कधी हातही लावला नव्हता. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम तिने उत्तम गुणांनी पूर्ण केला. मात्र त्यानंतरच्या एक वर्षाच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये ती अडखळली. नुकतीच व्यालेली, दुग्धज्वराने (व्याल्यावर रक्तातील कॅल्शियम घटल्याने होणाऱ्या आजाराने) मान कुशीकडे वळवून बसलेली एक गाय होती. तिला शिरेतून कॅल्शियम देताना सुई सरकली आणि मालकासमोरच मार्गदर्शक डॉक्टरांनी एक शब्दही न बोलता बाटली तिच्या हातून घेतली. त्या दिवसापासून रुग्ण आला की ती नोंदवही घेऊन मागे उभी राहू लागली.

“माझ्या हातून जनावर दगावेल, मॅडम,” असे ती म्हणाली. ही भीती निराधार नव्हती, कारण कॅल्शियम घाईने शरीरात गेले तर हृदयाची लय बिघडून गाय खरोखरच दगावू शकते. म्हणून “काही होत नाही गं” असा धीर देणे मी टाळले आणि तिला ती प्रक्रिया पहिल्यापासून सांगायला लावली. बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करायची, मानेवरची शीर अंगठ्याने दाबून फुगवायची, सुई शिरेतच असल्याची खात्री करून औषध अगदी सावकाश सोडायचे, आणि त्याच वेळी डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप ठेवून ठोके ऐकत राहायचे; ते अनियमित झाले की तत्क्षणी थांबायचे. सांगता सांगता ती थबकली आणि म्हणाली, “बाटली धरणारा आणि ठोके ऐकणारा, दोघे असतील तर किती बरे!” मार्गदर्शक शेजारी असतात ते यासाठीच, तिने मात्र त्यांना आजवर परीक्षकच मानले होते.

आमच्या बोलण्यानंतर तिने त्यांना दोन विनंत्या केल्या: सुरुवातीला तिला ठोके ऐकण्याचे काम द्यावे, आणि ते कोणत्या वेळी हस्तक्षेप करतील हे आधी ठरवावे. त्यांनी दोन्ही मान्य केल्या. मार्गदर्शकांनाही माझे कळकळीचे सांगणे आहे की बाटली काढून घेणे कधी कधी अटळ असते, पण त्यामागचे कारण त्याच दिवशी सांगितले नाही तर विद्यार्थी त्याचा अर्थ स्वतःच्या नालायकीशी जोडतो.

पुढे तिने स्वतः शीर धरली. हात थरथरतच होता, तरी सुई जागेवर राहिली.

भीतीने झोप उडाली असेल किंवा दवाखान्यातील हजेरी टाळावीशी वाटत असेल, तर इंटर्नशिप संपण्याची वाट न पाहता मार्गदर्शकांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे. पशुवैद्यक म्हणून नोंदणी झाल्यानंतर रात्री-अपरात्री गोठ्यात बहुधा एकट्यालाच जावे लागते.