वाचकांचे प्रश्न : फोम कोरून केलेली स्वस्त पाटी

प्रश्न : आमच्या लहानशा वाचनालयासाठी मी पॅकिंगमधून आलेल्या थर्माकोलवर अक्षरे कोरली. कोरीवकाम बरे जमले होते, परंतु डब्यातला स्प्रेरंग मारताच अक्षरांच्या कडा डोळ्यांदेखत विरघळल्या आणि पाटीवर खड्डे पडले. फोमची पाटी बाहेर टिकेल अशी करता येते का, आणि त्यासाठी कोणता फोम घ्यावा?

उत्तर : तुमचा हात चुकलेला नाही, रंग चुकला आहे. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन आणि त्याला अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल यांसारखे द्रावक विरघळवतात. डब्यातल्या बहुतेक स्प्रेरंगांत असेच द्रावक असतात, शिवाय रंग बाहेर ढकलणारा वायूही फोमला बाधतो. त्यामुळे पहिला हात नेहमी पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचा किंवा प्रायमरचा, आणि तोही ब्रशने द्यावा. चिकटवण्याच्या पदार्थांनाही हाच नियम लागू आहे. चामडे किंवा रबर चिकटवण्याचा वासाचा सोल्यूशन थर्माकोलला खाऊन टाकतो. कोणताही नवा पदार्थ वापरण्यापूर्वी फोमच्या टाकाऊ तुकड्यावर त्याचा ठिपका ठेवून तासभर वाट पाहावी, म्हणजे पुढचा मनस्ताप टळतो.

आता फोमच्या निवडीविषयी. पॅकिंगचा थर्माकोल मण्यांचा बनलेला असतो आणि त्याचा मणी साधारण २ ते ५ मिलिमीटरचा असतो. सुरी थोडी बोथट झाली की ती मणी कापत नाही, उपटते, आणि अक्षराची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. म्हणून ज्या अक्षराची रेघ १५ मिलिमीटरपेक्षा बारीक आहे ते या थर्माकोलवर कोरण्याच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. छताच्या आणि भिंतींच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो एक्सट्रूडेड पॉलिस्टायरिनचा रंगीत बोर्ड त्यापेक्षा पुष्कळ चांगला. त्यात सुटे मणी नसतात, पोत एकसारखा असतो आणि धारदार कटरने त्यावर स्वच्छ खाच पडते. व्यावसायिक कारागीर पाटीसाठी दाट पॉलियुरेथेन फोम वापरतात. त्याचे वजन घनमीटरला साधारण २४० किलो किंवा त्याहून अधिक असते, त्यावर लाकडासारखी पटाशी चालते आणि साध्या द्रावकाने तो विरघळत नाही. मात्र तो स्वस्त या शब्दात बसत नाही. कमी खर्चात काम उरकायचे असेल तर एक्सट्रूडेड बोर्ड हाच मधला मार्ग होय.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र फोमच्या प्रकारापेक्षा त्यावरच्या कवचाशी अधिक निगडित आहे, आणि बहुतेक हौशी मंडळी नेमकी तिथेच काटकसर करतात. उघड्या पॉलिस्टायरिनवर ऊन पडत राहिले की तो पिवळा पडतो आणि त्याच्या पृष्ठभागाची भुकटी होऊ लागते. नुसता रंग दिला तर एखादा चेंडू लागला तरी खळगा पडतो. म्हणून कोरीवकाम झाल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून धूळ झटकावी आणि अ‍ॅक्रिलिक द्रव मिसळलेल्या पांढऱ्या सिमेंटचा पातळ लेप ब्रशने द्यावा. सपाट भागावर त्या ओल्या लेपात काचतंतूंची जाळी दाबून बसवावी आणि वरून दुसरा लेप द्यावा. इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर लावलेल्या फोमला याच पद्धतीने गिलावा करतात. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात भुकटी कालवून केलेली पुट्टी घरातल्या पाटीला चालते, परंतु बाहेरच्या ओलाव्यात ती मऊ पडते. अधिक टणक कवच हवे असल्यास द्रावकविरहित इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन, वापरता येते. फायबरकामाचे पॉलिएस्टर रेझिन मात्र थेट लावू नये, कारण त्यातील स्टायरिन फोमला विरघळवते.

रंग निवडताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॉलिस्टायरिन साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतो आणि कडक उन्हात काळ्या पृष्ठभागाचे तापमान त्याच्या जवळपास पोहोचू शकते. पार्श्वभूमी फिकट आणि अक्षरे गडद ठेवली तर पाटी वाचायलाही सोपी जाते आणि वाकतही नाही.

प्रश्न : मराठी अक्षरे कोरताना टिंबे तुटतात आणि अक्षरांच्या पोटातले तुकडे निखळतात. यावर काही युक्ती आहे का?

उत्तर : आधी अक्षरे खोदायची आहेत की कापून उठावदार लावायची आहेत, हे ठरवावे, कारण दोन्हींच्या अडचणी वेगळ्या आहेत.

अक्षरे सुटी कापून लावणार असाल तर शिरोरेषा हा तुमचा मोठाच आधार आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर वेगळे चिकटवावे लागते आणि ओळ सरळ ठेवण्यात निम्मा वेळ जातो. आपल्याकडे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो. मात्र ‘ध’ आणि ‘भ’ या अक्षरांवर सावध राहावे. एकसंध तुकड्याच्या मोहापायी त्यांच्या डोक्यावर रेघ सलग ओढली, तर ‘धन’चे ‘घन’ आणि ‘भात’चे ‘मात’ होते. तिथे रेघ तुटणारच, म्हणून शब्द त्या ठिकाणी मुद्दाम दोन तुकड्यांत करावा. अनुस्वाराचे टिंब सुटेच राहते. त्याच्या पाठीत बांबूची काडी किंवा बारीक सळई गोंद लावून खुपसावी आणि तिचे दुसरे टोक मागच्या फळीत बसवावे. नुसत्या गोंदावर ठेवलेले टिंब कधीतरी पडतेच, आणि टिंब पडलेली पाटी वाचणाऱ्यांना हसवते.

अक्षरे खोदणार असाल तर कटर ४५ अंशांत तिरपा धरून दोन्ही बाजूंनी कापावे. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची ९० अंशांची खाच पडते आणि तिची खोली रुंदीच्या बरोबर निम्मी येते. म्हणजे काना १२ मिलिमीटर रुंद असेल तर खाच ६ मिलिमीटर खोल होईल. ‘व’च्या पोटातला गोल उंचवटा यात सहसा टिकतो. ‘ब’मध्ये मात्र आतल्या तिरप्या रेघेमुळे त्याचे दोन चिमुकले तुकडे होतात आणि तेच निखळतात. तेथे रेघ बारीक आणि उथळ करावी, बाहेरचा गोल खोदण्याआधी आतली रेघ कापावी, आणि पाते वारंवार बदलावे. पात्यावर पैसे वाचवणे हे खरोखरच महागात पडते.

प्रश्न : गरम तारेने कापणे सोपे पडेल का?

उत्तर : थर्माकोल आणि एक्सट्रूडेड बोर्ड यांच्यासाठी होय, इतर फोमसाठी अजिबात नाही. पॉलियुरेथेन आणि पीव्हीसीचा फोम तापला की विषारी वायू निघतात, म्हणून ते सुरीने किंवा करवतीनेच कापावेत. पॉलिस्टायरिनचा धूरही हुंगण्यासारखा नसतो, तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात. कापायला वापरतात ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, तार तापल्यावर लांबते आणि सैल पडते, त्यामुळे तिच्या एका टोकाला स्प्रिंग हवी. वीज १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून घ्यावी, भिंतीतल्या सॉकेटमधून थेट कधीही नाही. तार लाल होऊ देऊ नये. काप संपताना फोममधून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ओढले गेले तर उष्णता योग्य आहे असे समजावे. ‘व’सारख्या बंद पोटासाठी तापलेल्या सुईने भोक पाडून, त्यातून तार ओवून पुन्हा जोडावी लागते.

प्रश्न : पाटी इतकी हलकी आहे की दुहेरी टेपवर राहील असे वाटते. बरोबर आहे का? अक्षरांमागे दिवेही लावायचे आहेत.

उत्तर : वजनाचा विचार केला तर राहील, वाऱ्याचा विचार केला तर राहणार नाही. १.२ मीटर लांब, ०.६ मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड अशी एक्सट्रूडेड फोमची पाटी कवचाशिवाय जेमतेम किलोभर भरते. परंतु ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला की तिच्यावर सुमारे ३४ किलो वजनाइतका दाब येतो, आणि झुळूक मागून शिरली की तेवढ्याच जोराने ती उचकटली जाते. फोममध्ये स्क्रू धरत नाही. पाटीच्या पाठीला प्लायवूड किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पूर्ण लांबीभर चिकटवावी आणि स्क्रू त्या पट्टीतून भिंतीत जावेत.

दिव्यांच्या बाबतीत, पीव्हीसीच्या वेष्टनाची वायर पॉलिस्टायरिनला टेकलेली ठेवू नये. वेष्टनातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू फोममध्ये उतरतो, वायर कडक होऊन तडकते आणि फोमही खचतो. वायर वेगळ्या नळीतून न्यावी, आणि तापणारा कोणताही दिवा पाटीजवळ आणू नये, कारण हा फोम पेटतो आणि पेटता पेटता वितळून ठिबकतो.