आप्पा खोटं वागतात का?

प्रिय सानू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे आजीचा कुकर शिट्ट्या मारत होता, त्यामुळे अर्धं वाक्य पुन्हा ऐकावं लागलं, पण प्रश्न कळला. इथं जर्मनीत शाळेत नीतिशास्त्राच्या तासाला बाईंनी वर्गाचे चार कोपरे वाटून दिले होते: देव मानणारे, न मानणारे, माहीत नाही म्हणणारे आणि फरक पडत नाही म्हणणारे. तू ‘माहीत नाही’मध्ये जाऊन उभी राहिलीस. मग सुट्टीत कोल्हापूरला गेलीस तर काय बघितलंस? जन्मभर ‘देवबीव काही नसतंय’ म्हणणारे आप्पा जोतिबाच्या डोंगरावर, गुलालानं माखलेले, सासनकाठीचा दोर धरून उभे. ‘आई, आप्पा खोटं वागतात का? आणि मग आपण नक्की कोण?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. खोटं वागत नाहीत. दुसऱ्याला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

चैत्र पौर्णिमेची यात्रा आणि तुझी ईस्टरची सुट्टी बऱ्याच वर्षी मागंपुढं येतात, कारण दोन्ही वसंतातल्या पौर्णिमेवर बेतलेल्या. म्हणून तुला यात्रा बघायला मिळाली. मला तुझ्या वयाची असताना हाच प्रश्न पडला होता आणि मी तो थेट आप्पांनाच विचारला होता. आमच्या मूळ गावची काठी डोंगरावर जाते, तिचा एक दोर आप्पांच्या वडलांकडं होता, त्यांच्या माघारी आप्पांकडं आला. तू बघितलंसच, तो वेळू केवढा उंच असतो आणि गर्दीत कसा झुलतो. काठी एकानं कमरेच्या पट्ट्यावर तोलायची आणि बाकीच्यांनी चारी बाजूंनी दोर ताणून धरायचे. आप्पा मला म्हणाले होते, ‘देव नसंल गं, पण काठी हाय की! दोर सोडला तर कुणाच्या डोक्यात पडंल ती?’

तेव्हा मला वाटलं, आप्पांनी प्रश्न टोलवला. आता वाटतं, त्यांनी उत्तर दिलं होतं. सगळं नाही, पण बरंच.

तुझ्या बाईंच्या कोपऱ्यांना मी नावं ठेवत नाही. जर्मनीत तो प्रश्न रोजच्या व्यवहारातला आहे. मी इथं आले तेव्हा नावनोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता. चर्चचा सभासद असशील तर आपल्या राज्यात आयकराच्या 8 टक्के इतका वेगळा चर्चकर कापला जातो, आणि नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन तसं लिहून द्यावं लागतं. 14 वर्षं पूर्ण झाली की मुलानं स्वतःचा धर्म स्वतः ठरवावा, असा कायदा इथं 1921 पासून आहे. म्हणजे मानणं हे नोंदवायचं, सही करायचं प्रकरण. आपल्याकडं जनगणनेत धर्म विचारतात, जात तर पावलोपावली विचारतात, पण ‘तू मानतोस का?’ असं आप्पांना आजवर कुठल्याही कारकुनानं विचारलेलं नाही. आजीनंसुद्धा नाही, आणि तिनं त्यांच्याशी संसार केलाय.

आता जरा जड भाग. तू ‘मग देवाला कुणी बनवलं?’ असं बाईंना विचारलंस म्हणे. गंगावेशीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी मामानं तुला नेलं होतं, आठवतंय? आपल्या ‘न्याय’ नावाच्या जुन्या तर्कशास्त्राच्या पंडितांचा देव सिद्ध करायचा मोठा आधार तिथलाच, कुंभाराचा. मडकं आहे म्हणजे ते घडवणारा कुंभार असलाच पाहिजे. जग हेही घडलेलं दिसतं, म्हणजे त्याचाही कुणी कर्ता असला पाहिजे. उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी असल्या युक्तिवादांवर अख्खा ग्रंथ लिहिला.

पण त्यांच्याही आधी, सातव्या शतकाच्या सुमाराला, कुमारिल भट्टांनी या कुंभाराची पार उलटतपासणी घेऊन ठेवली होती. कुंभाराला हात असतात. कर्त्याला शरीर आहे का? असेल तर ते कुणी घडवलं? नसेल तर तो घडवतो कशानं? बरं, जग घडवलं ते कशासाठी? दयेपोटी म्हणाल, तर तेव्हा दया करायला होतं कोण? आणि दयेपोटीच घडवलं तर सगळं सुखाचंच का नाही घडवलं? काही हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसही हालचाल करत नाही, असं ते म्हणतात. न्यायवाल्यांनी उत्तरं दिली, ईश्वराला घडवायला शरीर लागतच नाही वगैरे. मला विचारशील तर कुमारिल भारी पडतात.

गंमत पुढं आहे. हे कुमारिल भट्ट नास्तिक मंडळींचे पुढारी नव्हते. ते पक्के वेदवाले, यज्ञातली एक समिधा इकडची तिकडं होऊ न देणारे, बौद्धांशी कडाडून भांडलेले. (म्हणून त्यांना लगेच आप्पांच्या पार्टीत घालू नकोस.) जगाचा कर्ता नाही, पण विधी मात्र काटेकोर, असा हा घाट. त्यांच्या लेखी वेद कुणीच रचलेले नाहीत, आणि यज्ञ करायचा तो वेदात सांगितलाय म्हणून. आणि एवढं लांब कशाला, आपल्या शेजारच्या काकू रोज पहाटे शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठाकडं जातात ना? जैन धर्मात जग निर्माण करणारा देवच नाही. तीर्थंकर तुमच्यासाठी काही करत नाहीत, नवसाला पावत नाहीत. तरी काकूंचा अभिषेक चुकत नाही, पर्युषणातले उपास सुटत नाहीत. तुझ्या बाईंनी काकूंना कुठल्या कोपऱ्यात उभं केलं असतं?

आजीचं वेगळंच. अंबाबाईचा किरणोत्सव तू अजून बघितलेला नाहीस. वर्षातून दोन वेळा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला, मावळतीचा सूर्य महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतो. एक दिवस पायांवर, एक दिवस कमरेच्या वर, एक दिवस चेहऱ्यावर. आजी हात जोडून बघते. आप्पाही न चुकता जातात, पण बघतात छाताडावर हातांची घडी घालून, आणि घरी येताना एवढंच बोलतात की कुठली इमारत आडवी आली, ढग कितव्या मिनिटाला आला, आणि सूर्याचा कोन धरून देऊळ उभं करणारा तो गवंडी काय तयारीचा असणार. आजी म्हणते, ‘झालं का तुमचं मोजून? चला, भाजी घ्यायचीय.’

फ्रान्सचा पास्कल सतराव्या शतकात म्हणाला होता की देव आहे की नाही हे कळत नसेल तर तो आहे यावर पैज लावा. असला तर सगळं जिंकलं, नसला तर गेलं काय? कुणी म्हणेल, आजी हेच करते. मला नाही तसं वाटत. पैज लावणारा फायदा बघतो; आजीनं देवीकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही, उलट ‘तिला एवढी माणसं मागत असतात, आपण कशाला त्रास द्यायचा’ म्हणते. पास्कलनं पुढं असंही सुचवलंय की विश्वास बसत नसेल तर बसलाय असं वागायला लागा, प्रार्थनेला जा, हळूहळू बसेल. तो उपाय आप्पांवर जन्मभर चालू आहे. गुण आलेला नाही.

आणि भजनात आजी म्हणते तो तुकोबांचा अभंग नीट ऐक एकदा: ‘माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल.’ देव मेला असं नीत्शेनं 1882 मध्ये लिहिलं, ते बाई पुढच्या वर्षी शिकवतील. तुकोबांचं त्याच्या दोनशे वर्षांहून आधीचं आहे, पण जात वेगळी. नीत्शे पाश्चात्त्य जगाबद्दल बोलतो. तुकोबा विठ्ठलावर चिडलेत, अबोला धरलाय. ज्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवावं लागतं, तो मेलेला कसा असेल? देवावर इतकं रागावायची मुभा असलेली भक्ती मला तरी फार मोकळी वाटते.

आता कोल्हापूरची खरी गोष्ट. तिथं भांडण झालं ते देव आहे की नाही यावरून नाही. देवापर्यंत जाणाऱ्या वाटेवर मध्ये कोण उभं राहणार, यावरून झालं. 1899 साली शाहू महाराज कार्तिकस्नानाला पंचगंगेवर गेले. बरोबर राजारामशास्त्री भागवत होते. त्यांच्या लक्षात आलं की मंत्र म्हणणारा भट वेदोक्त, म्हणजे वेदातले मंत्र नाही, पुराणोक्त, म्हणजे पुराणातले म्हणतोय. विचारल्यावर कळलं, महाराज शूद्र, त्यांना वेदमंत्र चालत नाहीत. ज्याच्या राज्याचं मीठ खायचं त्यालाच नदीकाठी ही पायरी दाखवली! त्यातून वेदोक्त प्रकरण उभं राहिलं, वतनं जप्त झाली, पुण्याच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं रान पेटलं, खुद्द लोकमान्य टिळक शाहू महाराजांच्या विरोधात गेले.

आणि शाहू महाराज देव मानणारे होते. जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला तेही ‘निर्मिक’, म्हणजे जगाचा निर्माता, मानत होते. त्यांचं म्हणणं एवढंच की निर्मिक आणि माणूस यांच्यात दलाल नको. कोल्हापुरात हा समाज 1911 ला सुरू झाला आणि भटाशिवाय लग्नं लागायला लागली. आप्पा-आजींचं लग्नही सत्यशोधकी पद्धतीनं लागलं आणि नवरानवरी मांडवातून उठून सरळ अंबाबाईला गेली, कारण आजीची अटच तशी होती. महाराजांनी पुढं 1920 मध्ये बेनाडीकरांना क्षात्र जगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, नेमलं, ते मात्र मला कधी पटलं नाही. मधला माणूस नको म्हणता म्हणता आपल्याच घरातला एक मधला माणूस बसवला. आप्पांचं मत उलट आहे. त्यांना विचार, तासभर ऐकावं लागेल.

तेव्हा आप्पा न मानणारे कसे झाले हेही सांगते. ते उद्यमनगरात लेथ मशिनवर कामाला होते, आणि बिंदू चौकात गोविंद पानसरे बोलणार असले की पाळी संपवून तेलकट कपड्यांनिशी ऐकायला जायचे. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरून परतताना घराजवळ पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या. 20 तारखेला पानसरे गेले. त्याआधी 2013 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात दाभोलकरांना असंच सकाळी फिरताना मारलं होतं. तू तेव्हा बोबडं बोलत होतीस. दाभोलकर तर सतत सांगायचे की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावानं लुबाडणाऱ्यांशी आहे. आपल्या घटनेत 25 व्या कलमात उपासनेचं स्वातंत्र्य आहे आणि 51 क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. दोन्ही एकाच पुस्तकात. पानसरे गेले त्या आठवड्यात आप्पा जेवले नाहीत धड. आजीनं देव्हाऱ्यात दिवा लावला, तो नेहमीसारखाच. आप्पा त्या दिव्यासमोर बसून पेपर वाचत होते.

म्हणून आपल्या घरात एक रेषा आहे. काठीचा दोर धरायला हरकत नाही. खंडेनवमीला लेथवर झेंडू वाहायला हरकत नाही. आप्पा आधी कॉटन वेस्टनं चक पुसायचे, टेलस्टॉकवर फूल ठेवायचे, पण बेडवर हळद-कुंकू टाकू द्यायचे नाहीत, कारण तेलात मिसळलं की त्याची पेस्ट होते आणि घसारा वाढतो. पण शेजारच्या पोरीला ताप असताना झाडफूक करणाऱ्या देवर्षीकडं नेत होते, तेव्हा हेच आप्पा दारात आडवे उभे राहिले आणि रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात घेऊन गेले. तेव्हा ‘भावना दुखावतील’ वगैरे काही नाही. आजी पुढच्या सीटवर बसली होती.

आपण कोण, तर मी ‘माहीत नाही’वाली आहे, तुझ्यासारखीच. बाबा मानतात, पण सांगत नाहीत. आजी मानते आणि सांगायची गरज तिला वाटत नाही. आप्पा मानत नाहीत आणि सगळ्यांना सांगतात. तू कोण ते तुझं तू ठरव. जूनमध्ये 14 पूर्ण होतील, मग माझी सहीही लागणार नाही. तू परत आल्यावर शाळेचा फॉर्म भरू, घाई नाही. नीतिशास्त्र ठेवलंस तरी चालेल, धर्माचा तास घेऊन बघायचा असेल तर तोही बघ, पाद्रीबाबांना कुमारिल भट्ट ऐकव.

गुलाल कानामागं राहतो, शाम्पूनं जात नाही. आजीकडून खोबरेल लावून घे, मग धू. आणि तो पांढरा टॉप गेला असं समज.

तुझी आई