बर्फाला पांढऱ्यातच अडकवू नका
तुमचं बर्फाचं चित्र पाहिलं. पांढऱ्या रंगाची ट्यूब आधी बाजूला ठेवा. उन्हात बर्फावरची सावली निळसर दिसते, कारण तिथे थेट ऊन नसतं, फक्त निळ्या आकाशाचा उजेड पोचतो. फ्रेंच चित्रकार मोनेचं १८६८-६९मधलं ‘द मॅगपाय’ हे चित्र नीट बघा: कुंपणाच्या निळ्या सावल्या आणि फाटकावर एकच पक्षी. सगळी शांतता त्या पक्ष्यावर तोललेली आहे!

तुमच्या चित्रात वठलेलं झाड, कावळा, मोडकं कुंपण, पाऊलखुणा असं सगळंच आलंय. इतकी प्रतीकं एकमेकांना मारतात. मी तर फक्त पाऊलखुणा ठेवेन, आणि त्या कुठे जातात ते दाखवणार नाही. फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगलच्या १५६५च्या ‘हंटर्स इन द स्नो’ या चित्रातले शिकारी पाहा, सगळ्यांच्या मिळून हाती एकच कोल्हा. हिवाळ्याची ओढाताण तेवढ्यात कळते.

क्षितिज थोडं वर घ्या, बर्फाला जागा मिळेल.