वाक्य उचल

बेटा,

अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात उभ्या उभ्या विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं. रात्री झोप लागेना. कंपनीने दोन दिवस विजयनगरच्या हॉटेलात नेऊन तुमच्याकडून नाटकातले खेळ करून घेतले, ‘हो, आणि...’ म्हणायला शिकवलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये स्टोअरवाला म्हणाला, माल शनिवारशिवाय येणार नाही. तू ‘हो’ म्हणालीस आणि गप्प झालीस. आता विचारतेस, टीम लीडरने सगळ्यालाच मान डोलवायची का?

नाही गं. ‘हो’ म्हणजे ‘तुझं बरोबर आहे’ नव्हे. तू बोललास ते मी ऐकलं, आता नसल्यासारखं वागणार नाही, एवढंच. आमच्या तालमीत दिग्दर्शक ओरडायचे, “वाक्य उचल!” समोरच्याचं वाक्य खाली पडू द्यायचं नाही. शनिवारी येणार ना? मग शुक्रवारपर्यंत कुठली लाइन चालेल, कुठल्या ऑर्डरला हात लावायचा नाही, हे त्यालाच विचार. ‘आणि’ तिथून सुरू होतो. तू नुसत्या ‘हो’वर थांबलीस. मी अर्धी नोकरी ‘नाही, पण’वर काढली.

हे खेळ काही मॅनेजर लोकांसाठी निघाले नव्हते. व्हायोला स्पोलिन नावाची बाई १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांकडून नाटकं करून घ्यायची. सूचनांनी जे जमत नव्हतं, ते खेळातून जमायचं. १९५९ साली तिथेच ‘सेकंड सिटी’ सुरू झाली, तिच्या संस्थापकांत तिचा मुलगा पॉल सिल्स. आणि आपला तमाशातला सोंगाड्या? वगाची गोष्ट तेवढी ठरलेली, बोलणं जागच्या जागी. त्याला मात्र कुणी हॉटेलात ट्रेनर म्हणून बोलावलं नाही. असो.

माझं सांगतो. हौशी नाटकांत ॲडिशन घेण्यात, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य ऐनवेळी टाकण्यात, माझा हात कुणी धरत नसे. रवींद्र नाट्यगृहातल्या एका प्रयोगात सहनटाची एंट्री चुकली. मी एकट्याने प्रवेश खेचला, टाळ्या घेतल्या. तो धापा टाकत आला, त्याचं वाक्य बोलला, आणि मी त्यावरही एक ॲडिशन टाकली. पुन्हा हशा. त्याचा प्रवेश बुडाला. विंगेत तो एवढंच म्हणाला, “ते माझं वाक्य होतं.” मला वाटलं, जळतोय.

पीथमपुरच्या कारखान्यात नोकरीला असताना तेच केलं. एक फिटर सकाळी आला, “साब, गिअरबॉक्स की आवाज बदल गई है.” मी डायरेक्टरांसमोरच्या प्रेझेंटेशनच्या कागदांत बुडालेलो. म्हणालो, लिखके दो. त्याला लिहिता येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. दुपारी लाइन बंद पडली, तीन दिवस. लेखी तक्रार नसल्याने ठपका माझ्यावर आला नाही. तो माणूस पुन्हा कधी काही सांगायला आला नाही.

त्यानंतर मी हट्टी झालो. माझी मीटिंग माझ्या बोलण्याने सुरू व्हायची नाही, म्हणजे नाही. वरच्यांना तो ढिलेपणा वाटला, एक बढती हुकली. ज्याला मिळाली तो स्लाइड्स सुरेख करायचा. हे मी कडवटपणाने म्हणत नाही. बरं, थोडं म्हणतो. पण माझ्या शिफ्टमध्ये हेल्परसुद्धा तोंड उघडायचा, हे कुणी मोजलं नाही.

आता तू म्हणशील, मग तयारी कशाला? हे असलं विचारलंस की चीड येते. पाठांतर नसलेला नट ॲडिशन घेत नाही, थापा मारतो. आकडे, तारखा, स्टॉक सगळं तोंडपाठ हवं. तेव्हाच डोळे कागदावरून उठतात आणि समोरच्याचा चेहरा दिसतो. तुझं झालं उलटं: पाठ होतं म्हणून तू पुढच्या स्लाइडची वाट बघत राहिलीस आणि त्याचं वाक्य पडलं. उचल ते. आठवडा झाला असला तरी उचल. त्याच्या टेबलापाशी जा, त्याला वर बोलावू नकोस.

पुढच्या मीटिंगनंतर फोन कर. तू काय बोललीस ते मला नको. स्टोअरवाला काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांग, शिवी असली तरी चालेल. आणि आईचा डबा जिन्यातच राहिला होता, धुऊन ठेवलाय, घेऊन जा.

तुझा,
काका